शेवटच्या कडव्याआधी

"आठ कडवी, बाबा. आठवं संपलं की थांबायचं. मध्ये काही नाही."

"मध्ये थोडं..."

"थोडंसुद्धा नाही."

बाबांनी ऑर्गनवरून हात उचलला आणि कानामागं खाजवलं. पेच पडला की ते तसं करायचे. बशीरचाचा मांडीवरच्या गिटारच्या तारा फडक्यानं पुसत होते. भंडारेकाकांनी चहाचा कप ड्रमवर ठेवला होता आणि तो हलतो का बघत होते. मिरजेतल्या आमच्या घराची गच्ची, संध्याकाळची वेळ, आणि माझ्या लग्नाला आठवडा उरलेला.

"पोरगी हेडमास्तरीण झाली की रे मधू," बशीरचाचा म्हणाले.

"झालीय कसली, हाय," भंडारेकाका म्हणाले. "लहानपणी जिन्यावर बसून आमच्याकडं अशी बघायची, की मी दोनदा चुकलोय."

"दोनदाच?" बाबा म्हणाले.

आई जिन्याच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत तिनं मला सांगितलं, "तू यांच्याकडून शब्द घे. मी माईणकरांना शब्द दिलाय."

माईणकर म्हणजे ठाण्याचे माझे होणारे सासरचे. मुलगा शिरीष, एका रंगांच्या कंपनीत इंजिनिअर. माणसं चांगली. लग्नात कुणाचं तरी वाद्यवृंद प्रकरण आहे हे कळल्यावर त्यांच्या नानाकाकांनी फोन केला होता. हे नानाकाका कोर्टातून निवृत्त झालेले, घरातला शब्द त्यांचा. "वडिलांची हौस आहे तर वाजवू देत," ते आईला म्हणाले होते, "पण मुहूर्त गाठला पाहिजे. आमच्यात मुहूर्त चुकवून लग्न लागलेलं नाही आजवर." आईनं फोनवरच मान डोलावली होती.

मंगलाष्टकं आईनं स्वतः रचली होती. दोन्ही घरची नावं, कुलदैवतं, कृष्णा नदी, सगळं त्यात बसवलं होतं आणि ती तीच म्हणणार होती. बाबांनी ती वाचली आणि ओळ बोटांवर मोजली. मग पुन्हा मोजली. मग आपल्या दोन्ही मित्रांना बोलावणं धाडलं.

"बारा अक्षरं, मग थांबा, मग सात," गच्चीवर ते दोघांना समजावत होते. "बारा आणि सात! शेकडो वर्षं लोक हे लग्नात म्हणतायत आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, की हे आपल्यासाठी केलंय."

"मला बारा नको आन् सात नको," भंडारेकाका म्हणाले. "वहिनी श्वास कुठं घेतात तेवढं सांगा. तिथं वाजवतो."

"मी कुठंही घेईन," आई म्हणाली. "माझा श्वास आहे."

बाबांच्या बँडचं नाव 'सव्वासात'. तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा सातला बंद व्हायची, आणि ती बंद झाली की तिथले इलेक्ट्रॉनिक्सचे मास्तर मधुसूदन अष्टपुत्रे सायकलवरून सव्वासातला बशीरचाचांच्या कारखान्यात पोचायचे. सतारी करणाऱ्यांचं घर ते. तिथं ओल्या लाकडाच्या आणि लाखेच्या वासात, भिंतीला टांगलेल्या भोपळ्यांखाली, या तिघांनी सत्तरच्या दशकात वाजवायला सुरुवात केली. बाबांनी शिसवी कपाटात स्वतः जोडलेला ऑर्गन. बशीरचाचांनी घडवलेली, सतारीसारख्या तरफा, म्हणजे खालून आपोआप झंकारणाऱ्या तारा, लावलेली गिटार. आणि ड्रमवर भंडारेकाका, जे तीन पिढ्यांच्या भंडारे ब्रास बँडचे मालक होते आणि मोसमात दिवसाला दोन वराती वाजवून मग इकडं यायचे.

ते वाजवत त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. लहानपणी माझी समजूत अशी, की सगळ्यांचेच बाबा गच्चीवर असं काहीतरी वाजवतात आणि ते संपेपर्यंत कुणी जेवायला बसायचं नसतं.

त्यांची एकच कॅसेट निघाली. तिच्यावर नाव होतं 'सव्वासात : गाजलेली गाणी'.

"आधी एकही कॅसेट नाही, मग गाजलेली कुठून आली?" मी एकदा विचारलं होतं.

"पुढं गाजतील," बाबा म्हणाले. "नाव आधी देऊन ठेवलं."

पहिल्या बाजूला एकच गाणं, 'पेव'. सांगलीकडं हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणत. त्या पेवात उतरणाऱ्या माणसाचं ते गाणं. त्याला शब्द चारच ओळींचे होते, बाकीचा वेळ तो माणूस उतरत असायचा. दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांची गाणी. म्हणजे कुणाचीही, कुठलीही. शाळेतली प्रार्थना, भोंडल्याचं गाणं, माझ्या आजीची एक अंगाई, आणि मिरज स्टेशनवरची गाड्या उशिरा येत असल्याची घोषणा. अंगाई त्यांनी इतकी हळू वाजवली होती, की दोन सुरांच्या मध्ये बाळ खरंच झोपलं असतं. भोंडल्याच्या गाण्याचा फेर त्यांनी असा मोडून जोडला होता, की नाचणाऱ्या बायकांचं एक पाऊल कायम हवेत राहावं.

"पाहुणं गाणं आलं की त्याला आपल्या ताटात वाढायचं," बशीरचाचा म्हणायचे, "पण आधी विचारायचं, भूक किती आहे बाबा तुला?"

"तुमच्याकडं आलेला पाहुणा उपाशी कुठं जातोय," आई म्हणायची. "जातच नाही तो."

हेच त्यांचं दुखणं होतं. गाणी लांबायची. गणेशोत्सवात एका मंडळानं त्यांना बोलावलं, तर आरतीची वेळ झाली तरी 'पेव'मधला माणूस वर आलेला नव्हता. मंडळानं वीज बंद केली. भंडारेकाका अंधारात वाजवत राहिले, कारण त्यांच्या ड्रमला वीज लागत नव्हती. मिरज-सांगलीत कुणाचं भाषण लांबलं की लोक म्हणायचे, सव्वासात वाजले वाटतं.

तर त्या संध्याकाळी गच्चीवर मी तिघांकडून शब्द घेतला. आठ कडवी. कडव्यांच्या मध्ये एका श्वासापुरतं वाजवायचं. सातव्यानंतर जरा लांब, कारण आईला पाणी प्यायचं होतं. पण जरा म्हणजे जराच.

"दिला शब्द," बाबा म्हणाले.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. एका कॉलेजात तासांवर मराठी शिकवत होते. स्थळं पाहण्याचं चौथं वर्ष चालू होतं, आणि नकार देऊन देऊन मला नाही म्हणण्याचाच कंटाळा आला होता. शिरीषमध्ये नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. हुशार, नीटनेटका, भराभर निर्णय घेणारा. त्याचा प्रत्येक प्रश्न 'ना' लावून यायचा. 'ठाणं आवडेल ना तुला?' 'पहिली दोन वर्षं नोकरी नको ना?' 'पुस्तकं सध्या इथंच राहू देत ना?' असा प्रश्न आला की त्याला 'हो' हेच उत्तर सोपं जातं. मी हो म्हणत गेले. एकेक हो लहान होता. सगळे मिळून एक लग्न ठरलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा ओसरीत वायरी गुंडाळत होते. मी शेजारी बसून वायरीचं दुसरं टोक धरलं होतं.

"वैजू, ठीक आहे ना सगळं?"

तेही 'ना' लावूनच विचारलं त्यांनी. मी म्हणाले, "हो."

त्यांनी गुंडाळी पुरी केली, तिला गाठ मारली. मग ती गाठ सोडली आणि पुन्हा मारली. आणखी काही विचारलं नाही.

कार्यालय सांगलीला होतं. मुहूर्त दुपारी बाराच्या जरा आधीचा. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला तिघांनी मांडामांड केली होती. बाबा झब्ब्यात, बशीरचाचा ठेवणीतल्या शेरवानीत. भंडारेकाका आपल्या ब्रास बँडचा लाल कोट घालून आले होते, सोनेरी पट्ट्यांसकट. "लग्नात मला दुसरा कपडा माहीत न्हाई," ते म्हणाले. माईणकरांकडच्या बायका ऑर्गनकडं बघून काहीतरी कुजबुजत होत्या. नानाकाका पहिल्या रांगेत, मनगटावरचं घड्याळ सदऱ्याच्या बाहीबाहेर काढून बसले होते.

अंतरपाट धरला. एका टोकाला आमचे गुरुजी, दुसऱ्याला त्यांचे. माझ्या पाठीशी मामा. पलीकडं शिरीष, त्याच्या मोजड्यांची टोकं तेवढी कापडाखालून दिसत होती. माझ्या बाजूनं मला तिघं वाजवणारे दिसत होते, आणि त्यांच्या शेजारी हातात माइक घेतलेली आई.

मला भीती होती ती हसं होण्याची. आई पहिलं कडवं म्हणाली आणि ती भीती गेली. इतकं सुंदर ते झालं होतं. बारा अक्षरांवर आई थांबायची, तिथं भंडारेकाका एका काठीनं नुसता स्पर्श करायचे. मग सात अक्षरं यायची आणि त्यांच्याखाली ऑर्गन पायघडीसारखा उलगडायचा. तरफा झंकारत होत्या. लोक अक्षता टाकायला विसरत होते आणि 'सावधान' ऐकून दचकून टाकत होते. नानाकाकांचासुद्धा पाय हलत होता. ज्या ठेक्यात हलत होता तो कुणीच वाजवत नव्हतं, पण हलत होता.

सातवं कडवं संपलं. आई पाणी प्यायली, पेला खाली ठेवला, माइक तोंडाशी नेला.

आणि मी बाबांकडं पाहिलं. का पाहिलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. डाव्या हातानं ऑर्गनचा एक खालचा स्वर दाबला आणि धरून ठेवला. आईनं तोंड उघडलं, पण तिला शिरायला जागाच नव्हती. उजव्या हातानं बाबा तिचीच चाल वाजवू लागले, पण ती हळूहळू उलगडत, एकेक सूर दोनदा बघितल्यासारखा. बशीरचाचांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि त्यांच्यामागं गेले. भंडारेकाकांनी दुसरी काठी उचलली.

"अहो!" आई माइकवरच म्हणाली. सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं. लोक हसले.

थोड्या वेळानं हसायचे थांबले. नानाकाका उठून उभे राहिले. आमच्या गुरुजींनी मोकळ्या हातानं 'पुरे, पुरे' अशी खूण केली. बाबांचं तिकडं लक्ष नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की बशीरचाचाही माझ्याकडं बघतायत. आणि भंडारेकाकाही.

सव्वासातची एक रीत होती. असं मधलं वाजवणं कधी संपवायचं, ते कुणी मोजायचं नाही. गाणं ज्यानं आणलं असेल, ज्याचं ते गाणं, त्यानं मान हलवायची. त्याची मान हलली की तिघंही पुढच्या समेला एकत्र उतरायचे. आजीच्या अंगाईला आजीला समोर बसवलं होतं आणि तिची मान हलेपर्यंत वाजवलं होतं. जिन्यावर बसून मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. ते तिघं मानेची वाट बघतायत.

माझ्या मानेची.

एवढंच करायचं होतं. हनुवटी जराशी खाली. आई आठवं कडवं म्हणेल, अंतरपाट दूर होईल, मी हार घालीन. माझ्या हातात तो होता, निशिगंधाचा, जड. मी मान हलवायला गेले आणि ती हलेना.

आतापर्यंत मला सगळ्यांनी काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तरही सोबत आणलं होतं. बाबांनीसुद्धा, काल. आज ते काही विचारत नव्हते. फक्त वाजवत होते. इतक्या माणसांत, नानाकाका घड्याळ दाखवत असताना, आपला शब्द मोडून ते वाजवत होते आणि त्यांना कसली घाई नव्हती.

"वैजयंती," अंतरपाटापलीकडून शिरीषचा आवाज आला. "बाबांना सांगतेस ना? लोक बघतायत."

"नाही," मी म्हणाले.

"काय? ऐकू नाही आलं."

ऑर्गन चढला होता, भंडारेकाकांनी झांजा सुरू केल्या होत्या. मागं उभ्या मामालाही काही ऐकू जात नसणार. चारशे माणसांच्या मध्ये आम्हां दोघांना त्या आवाजानं एक खोली बांधून दिली होती. मी कापडाच्या जवळ सरकले.

"शिरीष, मला हे लग्न करायचं नाहीये."

मोजड्या हलल्या नाहीत. बशीरचाचा वरच्या सप्तकात गेले, खाली आले.

"माझं काही चुकलं का?"

"नाही. माझं चुकलं. मी हो म्हणत गेले."

"हे आत्ता कळलं तुला?"

"आत्ताच. आधी वेळच नाही मिळाला."

त्याच्या आवाजात आता एक गोष्ट होती, जी मी आधी कधी ऐकली नव्हती: त्यालाही पुढचं ठाऊक नव्हतं.

"आई फार रडेल," तो म्हणाला.

"माझी पण."

"तू सांगणार, का मी सांगू?"

मी बाबांकडं वळले आणि मान हलवली. आडवी.

आडव्या मानेसाठी त्यांच्यात काही ठरलेलं नव्हतं. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. भंडारेकाकांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. बशीरचाचांनी तारांवर तळवा टेकवला. तरफा त्यांच्या खाली जराशा गुणगुणल्या आणि थांबल्या. बाबांनी उजवा हात काढला. डावा तसाच होता, त्या खालच्या एका स्वरावर. मग तोही काढला.

"मुहूर्त गेला," नानाकाका त्या शांततेत म्हणाले.

"अंतरपाट खाली घ्या," शिरीष गुरुजींना म्हणाला. कापड धरून धरून दोन्ही गुरुजींचे हात एव्हाना भरून आले होते. त्यांनी आनंदानं खाली घेतला. शिरीषचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं आपला हार पाटावर नीट गोल करून ठेवला आणि वळून म्हणाला, "नानाकाका, बसा. हे लग्न होत नाहीये. आमचं ठरलंय."

आमचं, म्हणाला तो. ते त्यानं म्हणायची काही गरज नव्हती. आजही कधी ठाण्यावरून गाडी जाते तेव्हा मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करते.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. त्याची आई रडली. माझी आई व्यासपीठाच्या पायरीवर बसली आणि तिनं श्वास सोडला. माइक हातात चालूच असल्यामुळं तो श्वास सगळ्या कार्यालयात घुमला. लोकांच्या मुठीत आठव्या कडव्याच्या अक्षता तशाच होत्या आणि त्यांचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. कुणी खिशात टाकल्या, कुणी रुमालात बांधल्या. एका म्हातारबाईंनी माझ्या डोक्यावर टाकल्या आणि म्हणाल्या, "असू देत गं."

बाबा नानाकाकांसमोर हात जोडून उभे राहिले.

"तुम्ही शब्द दिला होता," नानाकाका म्हणाले.

"दिला होता."

"मुहूर्त तुम्ही घालवलात. वाजवायच्या नादात."

"हो," बाबा म्हणाले. "मी घालवला."

मी पुढं झाले, पण बशीरचाचांनी माझं मनगट धरलं. "राहू दे बेटी," ते हळूच म्हणाले. "त्याचा सोलो आहे."

दुपारी वाद्यं घेऊन टेंपो मिरजेला निघाला. आई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. मागं ऑर्गन दोरीनं बांधलेला, आणि त्याच्या आजूबाजूला आम्ही चौघं; मी शालूतच. भंडारेकाकांनी मांडीवर जिलब्यांचं पातेलं धरलं होतं.

"आयुष्यभर लग्नं वाजवली," ते म्हणाले. "शेकड्यानं. एक मोडलं न्हाई माझ्या हातनं. आता मला कोण बोलवंल?"

"मी बोलवीन काका."

"तू? तुझ्याच लग्नात येत न्हाई मी परत." आणि एक जिलबी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. ती संपल्यावर त्यांनी दुसरी ठेवली.

सांगलीचं विश्रामबाग मागं पडलं. मी बाबांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"मला नको आहे ते."

"मला कुठं कळलं होतं?" बाबा म्हणाले. खरंच आश्चर्य वाटल्यासारखे म्हणाले. "तू माझ्याकडं बघितलंस. सातव्यानंतर. बघितलंस म्हणजे तुला काहीतरी हवं होतं. काय ते समजेना. आणि मी तिथं ऑर्गनपाशी. उठून येऊन विचारता थोडंच येतंय? माझ्याजवळ द्यायला काय होतं तेव्हा? वेळ होता. म्हटलं, वेळ देऊ."

टेंपो खड्ड्यातून गेला. ऑर्गनमध्ये काहीतरी किणकिणलं. बाबांनी त्याच्यावर हात ठेवला.

"लांबवतो, लांबवतो म्हणून इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या," ते म्हणाले. "एकदा उपयोगी पडलं."

"मी मान हलवली असती तर?"

"तर उतरलो असतो की समेवर. तुझं गाणं होतं."

"लोक तुम्हाला नावं ठेवतील बाबा. मी सगळ्यांना खरं काय ते सांगते."

"काही नको," ते म्हणाले. "ठेवू देत."

लोकांनी ठेवली. अष्टपुत्रे मास्तरानं पेटी वाजवायच्या नादात पोरीचं लग्न घालवलं, ही गोष्ट मिरज-सांगलीत वर्षानुवर्षं सांगितली गेली. मला मात्र कुणी बोल लावला नाही. उलट मला लोक जरा जपूनच वागवायचे, असा बाप असलेली म्हणून. मी पुढं शिकले, पुण्याला गेले, शिकवलं. काही वर्षांनी माझ्या मनासारखा माणूस भेटला, आणि आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. त्या कचेरीत वाद्यं नेता येत नाहीत, याचं आईला फार समाधान वाटलं. ते पहिलं लग्न मोडलं तेव्हा आईनं बाबांशी महिनाभर अबोला धरला होता. तो सुटला तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "माझं आठवं कडवं सगळ्यांत चांगलं होतं."

आणि गंमत म्हणजे त्या दिवसानंतर सव्वासातला बोलावणी यायला लागली. 'पेव' कुणाला नको असायचं. लोक म्हणायचे, ते लग्न मोडलेलं वाजवा. बाबा त्यांना दुसरं काहीतरी वाजवून दाखवायचे. ते मात्र त्यांनी पुन्हा कधी वाजवलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ते तेवढ्यापुरतं होतं."

बाबा जाऊन आता वर्ष होईल. शेवटच्या आजारात त्यांची उजवी बाजू गेली, आणि बोलणं पार तुटलं. मी तेव्हा मिरजेला येऊन राहिले होते. शब्द आत असायचा. तो बाहेर येईपर्यंत चहा निवायचा. भेटायला येणारी माणसं चांगली होती, पण त्यांना ते बघवायचं नाही. बाबांनी पहिला शब्द उच्चारला की ती घाईघाईनं पुढचं वाक्य पुरं करून द्यायची. "पाणी हवंय ना?" "उशी सरकवू ना?" बाबा डोळे मिटून मान हलवायचे, म्हणजे तेवढं तरी संपेल.

गुरुवारी बशीरचाचा आणि भंडारेकाका यायचे. दोघंही थकलेले, एकमेकांना धरून जिना चढायचे. मी सगळ्यांना चहा द्यायचे आणि मग आम्ही तिघं बसून राहायचो. कुणी काही सुचवायचं नाही, पुढं वाकायचं नाही. बाबा सुरुवात करायचे. थांबायचे. खिडकीतून रस्त्यावरची वर्दळ ऐकू यायची. बशीरचाचा मांडीवर बोटं ठेवून समोर बघत बसायचे, भंडारेकाका डोळे मिटून.

असाच एक गुरुवार. बाबा म्हणाले, "भंडा..." आणि अडले. आम्ही थांबलो. मग बऱ्याच वेळानं, "...रेच्या..." आम्ही थांबलो. भंडारेकाकांनी डोळे उघडले नाहीत. चहावर साय धरली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, पण ते सोडत नव्हते, आणि आम्हांला कुठं जायचं नव्हतं.

"...चहात," ते म्हणाले, "साखर नाही."

भंडारेकाकांनी कप उचलून घोट घेतला.

"खरंच की," ते म्हणाले. "मला वाटलं, डाक्टरनं सांगितलं म्हणून पोरीनं बंद केली."

मी उठून साखरेचा डबा आणला. बाबा हसत होते, चेहऱ्याच्या ज्या बाजूनं येत होतं त्या बाजूनं.